जोडारी, वीजतंत्री आणि मेकॅट्रॉनिक्स : खानदेशातील यंत्रशिक्षणाची वाटचाल

रावेर-यावल भागातल्या केळीच्या मळ्यात रात्री उशिरा थ्री-फेज वीज येते. शेतकरी त्या वेळी घरी झोपलेला असतो. विहिरीवरच्या खोलीत भिंतीला टांगलेली एक लहानशी पेटी मात्र जागी असते. तिन्ही फेज आले आहेत का, हे ती तपासते. थोडा वेळ थांबते आणि मग स्टार्टर चालू करते. पंप पाणी उपसू लागतो. मध्येच एखादा फेज गेला, तर दोन फेजवर चालून मोटारीचे वाइंडिंग जळण्याआधी पंप बंद होतो. या व्यवस्थेला शेतकरी नुसते 'ऑटो' म्हणतात.

ही पेटी तीन कामे करते. ती बाहेरची परिस्थिती जाणते, त्यावरून काय करायचे ते ठरवते आणि ठरवलेले प्रत्यक्ष करते. जाणणे, ठरवणे आणि करणे या तिन्हींची यंत्रात सांगड घालणाऱ्या शास्त्राला आज 'मेकॅट्रॉनिक्स' म्हणतात. दहावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत आपल्यापैकी अनेक शिक्षकांना पालक विचारतात, "सर, हे मेकॅट्रॉनिक्स म्हणजे काय? मुलाला त्यात घालावं का?" नुसता अभ्यासक्रम वाचून दाखवून याचे उत्तर देता येत नाही. ज्या भागात ते मूल वाढले, त्या भागात यंत्रे कशी आली आणि ती चालवणारे हात कसे तयार झाले, हे पाहिले तर उत्तर सापडायला मदत होते. म्हणून आपण जळगाव-धुळ्याचाच इतिहास जरा उलगडून पाहू.

पांझरेकाठचा तरुण अभियंता

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला एक तरुण १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे धुळे भागातले एक काम आले. पांझरा नदीच्या एका प्रवाहातून नळाचा सायफन टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. पावसाळ्याचे दिवस, नदीला पूर आणि हाताखाली थोडी माणसे, अशा स्थितीत त्यांनी ते पूर्ण केले.

याच विश्वेश्वरय्यांनी पुढे पुण्याजवळच्या खडकवासला धरणासाठी स्वयंचलित दारे तयार केली. ती १९०३ मध्ये बसवण्यात आली. पाण्याची पातळी ठरावीक उंचीच्या वर गेली की दारे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आले. त्या दारांत विजेची तार नव्हती, मग इलेक्ट्रॉनिक्स कुठून असणार? पाण्याची पातळी 'जाणण्याचे' आणि दार 'उचलण्याचे' काम पाण्याचा दाब, वजने आणि तरफ यांनीच केले. आपल्या घरच्या टाकीतला फ्लोटचा कॉक याच जातीचा आहे. म्हणजे आपोआप चालणाऱ्या यंत्राची कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. संगणकाने त्यातल्या 'ठरवणे' या मधल्या पायरीला बळ दिले.

गिरणी हीच शाळा

खानदेशात मोठी यंत्रे आणली ती कापसाने आणि रेल्वेने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून कापूस मिळेना आणि हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव कडाडले. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून पुढे सरकत होता. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि व्यापाऱ्यांना मोठा फटका बसला, परंतु पेठ टिकली. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आणि गठ्ठे बांधणाऱ्या प्रेसिंगच्या कारखान्यांमागून जळगावात वाफेवर चालणारी सूत-कापडाची खानदेश मिल उभी राहिली. विसाव्या शतकात अमळनेर, धुळे आणि चाळीसगाव येथेही गिरण्या आल्या. अमळनेरच्या गिरणीशी प्रताप शेठ यांचे नाव जोडलेले आहे. अमळनेरची तत्त्वज्ञान संस्थाही त्यांच्याच आश्रयाने उभी राहिली. ज्या हायस्कुलात साने गुरुजींनी शिकवले, त्यालाही त्यांचेच नाव आहे.

या गिरण्यांतली यंत्रे चालवायला माणसे कुठून आली? पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचे वर्ग होते. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले. तेथे शिकलेले थोडे लोक वरच्या जागांवर येत. पण साच्यावर उभा राहणारा, पट्टा बसवणारा, बेअरिंगला तेल देणारा कामगार गिरणीतच तयार होई. काका किंवा मामा त्याला जॉबरकडे घेऊन जाई. तो आधी झाडलोट करी, मग तुटलेले धागे सांधी, आणि बऱ्याच वर्षांनी साचा त्याच्या हाती येई.

ही शाळा कमी प्रतीची होती असे समजण्याचे कारण नाही. नुसत्या आवाजावरून कोणते बेअरिंग गेले हे सांगणारा माणूस तिथेच घडत असे. पण या शिक्षणात दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे ते कागदावर उतरत नसे, त्यामुळे दुसऱ्या गावी त्याची किंमत सिद्ध करता येत नसे. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. ते ज्ञान एकाच प्रकारच्या यंत्राला चिकटलेले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जुन्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा त्या यंत्रांबरोबर ते कसबही भंगारात निघाल्यासारखे झाले. जळगावात स्टेशनजवळच्या खानदेश मिलच्या जागेवर आज 'खानदेश सेंट्रल' उभे आहे. तिथे खरेदीला जाणाऱ्या मुलांना हे नाव कुठून आले, हे आपण सांगायला हवे.

भुसावळ : वाफेकडून विजेकडे

यंत्र बदलले म्हणजे माणूस निकामी होतोच का? भुसावळचा अनुभव वेगळा आहे.

भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे. वाफेच्या इंजिनाचा जोडारी बॉयलरच्या नळ्या, झडपा आणि दट्टे यांच्यातला जाणकार असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी ते भुसावळ या मार्गावर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती विद्युतधारा आली. नव्या इंजिनात वरच्या तारेतून आलेली वीज रोहित्राने खाली उतरवायची, रेक्टिफायरने एकदिश करायची आणि चाकांच्या आसांवरच्या मोटारींना द्यायची, अशी रचना होती. बॉयलर, कोळसा, राख यांची गरज संपली.

पण चाके, आस, बेअरिंग, स्प्रिंगा आणि हवेचे ब्रेक राहिलेच. ज्याला मोजमाप घेता येते, नकाशा वाचता येतो, हजारांश इंचाचा अर्थ कळतो, त्याचे कौशल्य तिथे वाया गेले नाही. त्याला विजेची नवी जोड हवी होती, आणि भुसावळात रेल्वेची स्वतःची प्रशिक्षणाची व्यवस्था होती. आज येथील कारखान्यात विद्युत इंजिनांची मोठी दुरुस्ती होते.

बदल तिथे थांबला नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर भारतीय रेल्वेने थ्री-फेज मोटारींची इंजिने परदेशातून आणली आणि नंतर ती चित्तरंजनला बनू लागली. या इंजिनात इलेक्ट्रॉनिक स्विच हव्या त्या वारंवारितेची वीज तयार करून मोटारींचा वेग ठरवतात. गाडी थांबवताना मोटारीच जनित्र बनतात आणि वीज तारेत परत जाते. हे सारे इंजिनातला संगणक सांभाळतो. वाफ, मग वीज, मग संगणक, असे तीन टप्पे एकाच गावाने पाहिले. जिथे माणसाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, तिथे यंत्र बदलूनही माणूस टिकला.

जोडारी, कातारी, वीजतंत्री

स्वातंत्र्यानंतर कारागिरांच्या शिक्षणाला सरकारी चौकट मिळाली. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. तिच्यातूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आपले आय.टी.आय. गावोगाव पसरले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. जॉबरच्या मर्जीवर चालणारी उमेदवारी त्यामुळे ठरावीक मुदतीची, विद्यावेतनाची आणि प्रमाणपत्राची झाली. १९७३ च्या दुरुस्तीने पदविका आणि पदवीधारकांनाही या कायद्यात आणले. धुळे आणि जळगाव येथे शासकीय तंत्रनिकेतने झाली. १९८३ मध्ये धुळे आणि फैजपूर येथे खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले ते हेच फैजपूर. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९६ मध्ये जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. तंत्रशिक्षणासाठी खानदेश सोडलाच पाहिजे, ही सक्ती संपली.

या कारागिरांना काम देणारे कारखानेही होते. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ पासूनची आणि वरणगावची १९६४ पासूनची. दीपनगरचे औष्णिक वीज केंद्रही याच पट्ट्यातले.

आय.टी.आय.च्या फलकावरची नावे आठवून पाहा : जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, वीजतंत्री, तारतंत्री. ही नावे सुंदर आहेत, पण ती ज्या यंत्रांवरून पडली, त्या यंत्रांत लोखंड एकीकडे आणि वीज दुसरीकडे होती. एका शाफ्टवर पट्टे लावून वीस यंत्रे फिरत होती, तेव्हा मोटार ही वीजतंत्र्याची आणि पुढचे सारे जोडाऱ्याचे, अशी वाटणी सहज करता येई. यंत्राच्या आत शिरून वीज पुर्जापुर्जाला भिडली, तेव्हा ही वाटणी अपुरी पडू लागली.

एका शब्दाचा जन्म

१९६९ मध्ये जपानच्या यास्कावा कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी 'मेकॅनिझम' आणि 'इलेक्ट्रॉनिक्स' हे शब्द जोडून 'मेकॅट्रॉनिक्स' हा शब्द तयार केला. ही कंपनी मोटारी आणि त्यांची नियंत्रणे बनवत असे. शब्द आधी कंपनीच्या व्यापारी हक्कात होता. कंपनीने १९८० च्या दशकात तो हक्क सोडला आणि शब्द सर्वांचा झाला.

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरी एक घटना घडली. मोटारींच्या कारखान्यात यंत्रांचा क्रम ठरवायला भिंतभर कपाटांत शेकडो रिले बसवलेले असत. गाडीचे मॉडेल बदलले की सगळ्या तारा उसवून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या एका विभागाने तारा न बदलता क्रम बदलता येईल असे उपकरण मागितले. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोडिकॉन ०८४' हे उपकरण दिले. आज ज्याला आपण पीएलसी म्हणतो त्याचा हा आरंभ.

यातली एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. या उपकरणाला सूचना द्यायची पद्धत शिडीच्या आकृतीसारखी ठेवण्यात आली, कारण कारखान्यातले वीजतंत्री रिलेच्या जोडण्या तशाच आकृतीत काढत होते. माणसाने यंत्राची भाषा पाठ करण्याऐवजी यंत्रानेच कारागिराची भाषा उचलली. नवे ज्ञान जुन्या ज्ञानाच्या खुंटीवर टांगले की ते लवकर रुजते, हे आपण वर्गात रोज अनुभवतो. तेच तत्त्व येथे कामी आले.

जळगावची नळी

आता पुन्हा खानदेशात येऊ. जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये ७,००० रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसाय सुरू केला. १९८० मध्ये त्यांच्या उद्योगात पीव्हीसी नळ तयार होऊ लागले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचनाच्या नळ्या. जळगाव परिसरात नळ आणि प्लास्टिकच्या चटया यांचे इतरही अनेक कारखाने उभे राहिले.

नळ कसा बनतो? पीव्हीसीची भुकटी एका तापवलेल्या नळकांड्यात पडते. आतला लांब स्क्रू फिरत तिला पुढे ढकलतो, जवळपास शेवेच्या सोऱ्यासारखा. मऊ झालेले प्लास्टिक साच्यातून नळाच्या आकारात बाहेर पडते, थंड पाण्याच्या टाकीतून जाते आणि पुढे पट्ट्यांचे एक यंत्र त्याला एकसारखे ओढत राहते. शेवटी करवत ठरावीक लांबीवर कापते.

समजा, नळाच्या भिंतीची जाडी ३ मिलिमीटर हवी आहे. स्क्रू तोच माल देत असताना ओढणारे यंत्र १० टक्के जोरात चालले, तर जाडी सुमारे २.७ मिलिमीटर होईल, कारण तितकाच माल जास्त लांबीवर पसरेल. ओढ मंदावली तर नळ जाड होईल आणि माल वाया जाईल. म्हणजे जाडी कोणत्याही एका पुर्जावर अवलंबून नाही. ती दोन वेगांच्या गुणोत्तरावर आणि तापमानावर अवलंबून आहे. म्हणून तापमान मोजणारी थर्मोकपल, वेग मोजणारे एन्कोडर आणि त्यांची सांगड घालणारा नियंत्रक यांची गरज पडते.

ठिबकची नळी याहून अवघड. नळी तयार होत असतानाच तिच्या पोटात छोटे ड्रिपर ठरावीक अंतरावर सोडले जातात आणि ते गरम नळीला आतून चिकटतात. नळी थंड झाली की ड्रिपर बाहेरून नीट दिसत नाही, पण छिद्र मात्र नेमके त्याच्या तोंडावर पडले पाहिजे. हिशेब करून पाहू. समजा, नळी मिनिटाला ६० मीटर, म्हणजे सेकंदाला १ मीटर वेगाने धावते आहे आणि ड्रिपर ५० सेंटिमीटरवर आहेत. मग सेकंदाला २ आणि तासाला ७,२०० छिद्रे पाडावी लागतील. छिद्र ५ मिलिमीटर चुकले तर चालणार नाही असे धरले, तर वेळेची चूक सेकंदाच्या हजार भागांपैकी ५ भागांहून कमी हवी. हाताने हे अशक्य आहे. नुसत्या घड्याळावर विसंबूनही चालत नाही, कारण नळीचा वेग थोडा बदलला की छिद्र सरकते. म्हणून संवेदक ड्रिपर ओळखतो, एन्कोडर नळी किती सरकली ते मोजतो आणि ठरलेले अंतर पूर्ण होताच छिद्र पाडणारे हत्यार चालते. लोखंड, वीज आणि आज्ञावली यांतले एकही बाजूला काढता येत नाही.

जळगावच्या दुसऱ्या प्रसिद्ध उद्योगात, डाळमिलमध्येही हे दिसते. डागी दाणे हाताने निवडण्याऐवजी रंग ओळखणारी यंत्रे आली आहेत. घसरत येणारा दाणा कॅमेरा पाहतो, आणि नको असलेल्या दाण्याला हवेचा एक बारीक झोत बाजूला उडवतो.

दोष कोणाचा?

अशा यंत्रावर एक दिवस छिद्रे चुकू लागली असे समजा. जोडारी म्हणतो, हत्याराला धार आहे, माझे काम ठीक आहे. वीजतंत्री म्हणतो, पुरवठा बरोबर आहे. हवेच्या दाबाचे पाहणारा म्हणतो, दाब पुरेसा आहे. आज्ञावली लिहिणारा म्हणतो, काल हीच चालत होती. चौघेही खरे बोलत असतील, आणि तरी यंत्र बंद असेल. कदाचित संवेदकाच्या काचेवर धूळ बसली असेल, त्यामुळे ड्रिपर उशिरा दिसत असेल. किंवा एन्कोडरचे चाक नळीवर घसरत असेल.

मेकॅट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ हवा तो इथे. तो चौघांइतका खोल जाणकार असेलच असे नाही. चौघांच्या मधल्या जागा मात्र त्याला दिसतात. संकेत कुठून निघाला, कुठे पोचला आणि कुठे हरवला, हा माग त्याला क्रमाने काढता येतो. म्हणून त्याच्या अभ्यासक्रमात यंत्ररेखन आणि यंत्रशास्त्र, विजेच्या मोटारी, संवेदक, हवेच्या व तेलाच्या दाबावर चालणारी साधने, पीएलसी, सीएनसी आणि यंत्रमानव हे विषय एकत्र येतात. महाराष्ट्रात दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि आय.टी.आय.मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अशा दोन्ही वाटा आहेत. मात्र प्रत्येक गावच्या संस्थेत तो असतोच असे नाही. जवळ नसेल तर यंत्र, विद्युत किंवा उपकरणशास्त्र यांपैकी एक घेऊन बाकीच्याची भर उमेदवारीत घालता येते. आय.टी.आय. झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची तरतूद आहे, हेही पालकांना सांगावे. आय.टी.आय. म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समज अजून गेलेला नाही.

एका धोक्याची जाणीवही दिली पाहिजे. एकाच कंपनीच्या पीएलसीची बटणे पाठ करून बाहेर पडलेला मुलगा आणि एकाच साच्यावर आयुष्य घालवलेला गिरणी कामगार यांच्यात फार अंतर नाही. ते यंत्र गेले की दोघेही अडचणीत येतात. भुसावळच्या जोडाऱ्याला सावरले ते मोजमापाने, नकाशा वाचण्याच्या सवयीने आणि पुन्हा शिकायच्या संधीने. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा पाया शाळेत घालता येतो. गुणोत्तर, ओहमचा नियम, तरफ, दाब हे धडे त्यासाठीच आहेत.

सुरुवातीच्या 'ऑटो'कडे परत जाऊ. वीज आली की शिवारातले सगळे ऑटो एकाच वेळी पंप सुरू करतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट विद्युतधारा घेते, त्यामुळे रोहित्रावर एकदम भार पडतो आणि ते जळू शकते. म्हणून महावितरण कंपनी ऑटो लावू नका असे आवाहन करते. प्रत्येक पेटी आपल्यापुरती शहाणी आहे, पण सगळ्या मिळून गावाचे नुकसान करतात. हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात ठेवून पाहा. एखादी मुलगी म्हणेल, प्रत्येक पेटीने वेगवेगळा वेळ थांबावे. तसे झाले तर तिला तिच्या गावातल्या कोणत्या विहिरीवर किती वेळ थांबायचे, हे कसे ठरवशील, असे विचारा. ती वही काढून विहिरी मोजू लागली, की तिचे मेकॅट्रॉनिक्सचे शिक्षण सुरू झाले असे समजायला हरकत नाही.